सुक्कोत (मांडवांचा सण)

सुक्कोत : यहुदी धर्मातील सुगीचा सण. यहुदी पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या १५ तारखेला तो सुरू होतो आणि सात दिवस चालतो. इंग्रजी तारखांप्रमाणे तो सप्टेंबरच्या उत्तरार्धात किंवा ऑक्टोबरमध्ये येतो. पेसाह (वल्हांडण), शावुओत आणि सुक्कोत या तीन सणांना पूर्वी जेरुसलेमच्या मंदिराची यात्रा करावी लागे. बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकात या सणाला ‘हाग हा-आसीफ’ म्हटले आहे. शेतातले, मळ्यातले, खळ्यावरचे सगळे गोळा करून घरात आणण्याचा सण, असा त्याचा अर्थ. मराठी बायबलमधून तो मांडवांचा किंवा मंडपांचा सण म्हणून ओळखीचा आहे.

हिब्रूत ‘सुक्का’ म्हणजे खोप आणि ‘सुक्कोत’ हे त्याचे अनेकवचन. मांडव म्हटले की मराठी वाचकाला लग्नकार्य आठवते. मूळ शब्दाला मात्र रानाचा वास आहे. द्राक्षमळ्यात फळे पिकू लागली की राखणीसाठी फांद्या-पाल्याची खोप घालत आणि हंगाम संपला की ती तशीच मोडून पडे. उजाड जेरुसलेमचे वर्णन करताना यशया संदेष्टा या नगरीला मळ्यात मागे राहिलेल्या खोपीची उपमा देतो. ईयोबाच्या ग्रंथात दुष्टाच्या घराची तुलना राखणदाराच्या खोपीशी केली आहे. बायबलमध्ये टिकाव नसलेल्या गोष्टीचे नावच सुक्का आहे. वर्षातला सर्वांत भरभराटीचा सण त्याच नावाने ओळखला जातो, ही या सणाची गुरुकिल्ली आहे.

सणाची आज्ञा बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात येते. सात दिवस खोपीत राहा, म्हणजे मिसर देशातून बाहेर काढल्यावर इस्राएल लोकांना मी खोपींत राहायला लावले हे पुढच्या पिढ्यांना कळेल, असे तिथे सांगितले आहे. त्या खोपी कसल्या, यावर तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांच्या ग्रंथात, वाद आहे. रब्बी अकिवा म्हणतात, खऱ्याखुऱ्या, उन्हापासून आडोसा म्हणून घातलेल्या. रब्बी एलिएझर म्हणतात, ते देवाच्या तेजाचे मेघ होते, वाळवंटात लोकांवर छत्र धरून चाललेले. एकाच्या मते आपण पूर्वजांचे उघडेपण आठवतो, दुसऱ्याच्या मते त्यांना मिळालेली सावली. परंपरेने दोन्ही मते जपून ठेवली आहेत. खोपीत बसणाऱ्याला दोन्ही एकदमच जाणवतात, त्यामुळे निवाडा करण्याची घाई कुणाला झालेली दिसत नाही.

सुक्का कशी बांधावी याचे नियम मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदचा गाभा असलेल्या नियमसंग्रहात, बारकाईने दिले आहेत आणि सणाचा अर्थ समजून घ्यायचा तर या नियमांपासूनच सुरुवात करावी. उंची वीस हातांपेक्षा जास्त नको, दहा मुठींपेक्षा कमी नको. भिंती कशाच्याही चालतात: लाकूड, कापड, ताडपत्री, शेजारच्या घराची भिंतसुद्धा. सगळा कटाक्ष छपरावर आहे. या छपराला ‘स्खाख’ म्हणतात. ते जमिनीतून उगवलेल्या आणि आता जमिनीपासून तोडलेल्या वस्तूचेच हवे: फांद्या, बांबू, ताडामाडाची पाने. पत्रा चालत नाही, कापड चालत नाही, मुळावर उभा असलेला वेलही चालत नाही. आत उन्हापेक्षा सावली जास्त पडली पाहिजे. पण रात्री वर पाहिले तर फटींतून चांदण्या दिसाव्यात, अशी रीत आहे. छप्पर इतके दाट झाले की जोराचा पाऊसही आत येईना, तर ती सुक्का उरलीच नाही, असे मत मध्ययुगीन पंडितांनी मांडले. घर बांधताना गळके छप्पर हा दोष असतो. इथे न गळणारे छप्पर हा दोष ठरू शकतो. झाडाखाली किंवा दुसऱ्या छपराखाली बांधलेली सुक्काही बाद. डोक्यावर आभाळच हवे. म्हणून जेरुसलेम आणि बने ब्राक इथल्या धर्मनिष्ठ वस्त्यांमध्ये इमारतींचे सज्जे एकावर एक न काढता आडवे सरकवून काढतात, म्हणजे प्रत्येक मजल्यावरच्या कुटुंबाला स्वतःपुरता आकाशाचा तुकडा मिळतो.

तिश्रीच्या दहाव्या दिवशी योम किप्पूरचा, प्रायश्चित्ताचा उपास असतो. सुमारे पंचवीस तास अन्नपाण्यावाचून काढल्यावर लोक घरी येतात, चार घास खातात आणि त्याच रात्री अंगणात सुक्केची पहिली खुंटी ठोकतात. पापांची झाडाझडती संपते न संपते तोच हातोडीचे आवाज सुरू होतात. मुले कागदी साखळ्या चिकटवतात, डाळिंबे आणि द्राक्षांचे घोस दोऱ्याने आढ्याला टांगतात. चार दिवसांत खोप उभी राहते आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी घरातले टेबल बाहेर येते. पुढचे सात दिवस जेवण तिथे. हवा बरी असेल तर झोपणेही तिथेच. तालमूद हे एका वाक्यात सांगते: कायमच्या घरातून बाहेर ये आणि तात्पुरत्या घरात राहा.

मिसरमधून सुटका झाली ती वसंतात, निसान महिन्यात. मग तिची आठवण शरदात का? चौदाव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो इथे राहणाऱ्या याकोव बेन आशेर यांनी याचे उत्तर दिले आहे. वसंतात उन्हाच्या तलखीने सगळेच झाडापाल्याच्या सावलीत जाऊन बसतात. त्यात विशेष काय? तिश्रीत रात्री गार होतात, पाऊस जवळ येतो, लोक खोपी सोडून घराकडे परततात. अशा वेळी जो उलट घरातून खोपीत जातो तो आज्ञेसाठी जातो, हे उघड दिसते.

याहून खोल जाणारे स्पष्टीकरण बाराव्या शतकातल्या फ्रान्समधले भाष्यकार शमुएल बेन मेईर (रश्बाम) यांचे आहे. धान्य, द्राक्षारस, तेल सगळे घरात आलेले असते. नेमके तेव्हाच माणसाला वाटू लागते की हे माझ्या बाहुबळाने मिळवले. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात याच अहंकाराबद्दल इशारा दिला आहे. कणगी भरलेली असताना खोपीत बसा, म्हणजे एके काळी आपल्याला ना जमीन होती ना घर, हे आठवेल. बाराव्या शतकातले यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदेस हेच सांगतात: सुखाच्या दिवसांत वाईट दिवस आठवावेत. दुष्काळात आयुष्याचा ठिसूळपणा कुणी शिकवावा लागत नाही. पीक चांगले आले त्या वर्षी त्याचा विसर पडतो, आणि सुक्कोत येतो तो बरोबर त्या क्षणी.

या सणातल्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, अश्केनाझी, म्हणजे मध्य व पूर्व युरोपीय परंपरेच्या यहुद्यांमध्ये ‘कोहेलेत’ हा ग्रंथ वाचला जातो. मराठी बायबलमध्ये तो ‘उपदेशक’ आहे. त्यातला ध्रुवपदासारखा येणारा शब्द ‘हेवेल’. बारा अध्यायांत तो ३८ वेळा येतो. मराठीत त्याचे भाषांतर ‘व्यर्थ’ असे रूढ आहे, आणि त्यामुळे सगळा ग्रंथ विरक्तीचा, कडवट वाटू लागतो. हेवेलचा मूळ अर्थ मात्र श्वास, वाफ. थंडीच्या पहाटे तोंडातून निघते, डोळ्यांना दिसते आणि विरून जाते, ती वाफ. ती खोटी नसते, टाकाऊ नसते. फक्त मुठीत धरता येत नाही. बायबलमधला पहिला मरणारा माणूस, काइनाचा भाऊ हाबेल, याचे हिब्रू नावही हेवेलच आहे. ‘सगळे व्यर्थ’ आणि ‘सगळे श्वासासारखे’ यांत मोठे अंतर आहे, आणि सुक्केत बसून वाचताना दुसरा अर्थच खरा वाटतो: वारा आला की पाने सळसळतात, दिवा हलतो, ताटात एखादे वाळके पान पडते. हाच ग्रंथ नवव्या अध्यायात सांगतो की जा, आपली भाकर आनंदाने खा आणि आपला द्राक्षारस संतुष्ट मनाने पी.

आनंद हा इथे उपचार नाही, आज्ञा आहे. प्रार्थनेत सुक्कोतचा उल्लेख ‘झमान सिमखातेनू’, आमच्या आनंदाचा काळ, असा येतो. अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात हा आनंद कुणाबरोबर करायचा तेही सांगितले आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातला), परका, अनाथ आणि विधवा. पुढे काबालाच्या, म्हणजे गूढवादाच्या परंपरेतून ‘उश्पिझिन’ची प्रथा आली. अब्राहाम, इसहाक, याकोब, मोशे, अहरोन, योसेफ आणि दावीद यांना रोज खोपीत पाहुणे म्हणून बोलावतात. या न दिसणाऱ्या पाहुण्यांचा वाटा गरिबाला द्यायचा, अशी झोहार ग्रंथाची शिकवण आहे.

मंदिर उभे होते तेव्हा या आनंदाचे शिखर पाण्याच्या विधीत होते. शिलोह तळ्यातून सोन्याच्या घागरीत पाणी आणून वेदीवर ओतत. त्या रात्री मंदिराच्या अंगणात उंच दीपस्तंभ पेटवत. त्यांच्या वाती याजकांच्या जीर्ण झालेल्या वस्त्रांच्या वळलेल्या असत. मोठमोठे विद्वान हातात मशाली घेऊन नाचत. ज्याने हा सोहळा पाहिला नाही त्याने आयुष्यात आनंदच पाहिला नाही, असे मिश्ना म्हणते. पण हा सोहळा पाण्यासाठीच का? त्या प्रदेशात उन्हाळाभर पावसाचा थेंब नसतो. सुक्कोतला मागच्या वर्षाचे पीक घरात असते आणि पुढच्या वर्षाचा पाऊस अजून आभाळातही नसतो. जगाला किती पाणी मिळणार याचा निवाडा या सणात होतो, अशी श्रद्धा आहे. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर जाळले आणि हा विधी थांबला. खोप मात्र राहिली. दगडाचे मंदिर गेले आणि पाल्याचे छप्पर टिकले.

सणाचा दुसरा आचार म्हणजे चार वनस्पती हातात घेऊन त्या चारी दिशांना, वर आणि खाली हलवणे: खजुरीचा न उलगडलेला कोंब (लुलाव), मेंदीसारख्या सुगंधी पानांची हदस, ओढ्याकाठच्या विलोची डहाळी (अरावा) आणि एत्रोग हे फळ. एत्रोग म्हणजे आपले महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असते तेच. मूळ हिमालयाच्या पायथ्याचे हे फळ पश्चिमेकडे प्रवास करत गेले आणि यहुदी पूजेत मानाचे ठरले. त्याच्या टोकाला वाळक्या काडीएवढा एक तुरा असतो, त्याला ‘पितोम’ म्हणतात. उपजत तुरा असलेल्या एत्रोगचा पितोम मोडला, तर चांगले पैसे मोजून आणलेले फळ पहिल्या दिवसाच्या विधीला बाद होते. म्हणून ते अळशीच्या धाग्यांत गुंडाळून डबीत ठेवतात आणि तान्ह्या बाळासारखे दोन्ही हातांनी उचलतात. एका मिद्राशनुसार (बायबलवरच्या जुन्या भाष्यानुसार) एत्रोगला चव आणि गंध दोन्ही आहेत, खजुराला फक्त चव, हदसला फक्त गंध, आणि अरावाला काहीच नाही; माणसेही अशीच चार प्रकारची असतात, आणि देव म्हणतो, सगळ्यांना एकत्र बांधा. १९६० साली मृत समुद्राजवळच्या गुहेत पुरातत्त्वज्ञ यिगाएल यादिन यांना बार कोखबाची पत्रे सापडली. रोमविरुद्धच्या बंडाचा (इ.स. १३२–१३५) हा नेता एका पत्रात छावणीसाठी याच चार वनस्पती मागवतो आहे, आणि त्या आणायला दोन गाढवे पाठवल्याचे कळवतो आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल समाजाचा या सणाशी असलेला संबंध वेगळा आणि हृद्य आहे. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारची सुट्टी यांवरून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाणारा हा समाज शतकानुशतके इतर यहुद्यांपासून दूर राहिला. त्यांच्या सणांची नावेही मराठी झाली. एकोणिसाव्या शतकात हायम सॅम्युएल केहिमकर यांनी ती नोंदवली. तिश्री महिन्यात नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण आणि शिळा सण असत. खोप आणि चार वनस्पती या समाजाच्या जुन्या रिवाजात नव्हत्या. पण खिरीच्या सणाला नव्या तांदळाची, नारळाच्या रसातली खीर होत असे. खोपीची आज्ञा विस्मरणात गेली तरी नव्या पिकाबद्दलची कृतज्ञता ताटात उरली. पुढे कोचीनच्या आणि बगदादी यहुद्यांशी संबंध वाढला, १७९६ मध्ये मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले सिनेगॉग (प्रार्थनामंदिर) उभे राहिले आणि सुक्कोत रीतसर साजरा होऊ लागला. सिनेगॉगच्या अंगणात माडाच्या झावळ्यांचा मांडव पडू लागला. कोकणात हे दिवस परतीच्या पावसाचे. मिश्ना म्हणते, पानातली पेज पाणचट होण्याइतका पाऊस आला तर घरात जावे. ते म्हणजे धन्याला पेला भरून द्यायला गेलेल्या चाकराच्या तोंडावर धन्यानेच तांब्या रिकामा करावा, तसे. पंधरावी तिथी म्हणजे पौर्णिमा. २०२४ आणि २०२५ साली सुक्कोतची पहिली रात्र कोजागिरीलाच आली होती.

सातव्या दिवशी, होशाना रब्बाला, अरावाच्या डहाळ्या जमिनीवर आपटतात. पाने गळून सिनेगॉगच्या फरशीवर पसरतात. आठवा दिवस शेमिनी अत्सेरेत. इस्रायलमध्ये तोराचे (बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचे) वार्षिक वाचन पूर्ण करून पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करण्याचा उत्सवही त्याच दिवशी असतो. हमासने इस्रायलवर केलेला ७ ऑक्टोबर २०२३ चा हल्ला याच दिवशी सकाळी झाला. तेव्हापासून तिथे या दिवशी तोरा हातात घेऊन नाचणाऱ्यांत अनेकांच्या घरी श्राद्धाचा दिवाही तेवत असतो.

त्याच दिवशी पावसाची प्रार्थना, ‘गेशेम’, म्हणतात. खोपीत राहण्याचे दिवस संपेपर्यंत पावसाचे नाव काढत नाहीत. त्यानंतरही देव वारा वाहवतो आणि पाऊस पाडतो, एवढी स्तुतीच करतात. इस्रायलमध्ये पाऊस प्रत्यक्ष मागायला सुरुवात होते ती हेशवान महिन्याच्या सातव्या दिवशी, सणानंतर पंधरा दिवसांनी. जेरुसलेमहून पूर्वेकडे पायी परत निघालेला शेवटचा यात्रेकरू तोवर फरात (युफ्रेटिस) नदीपर्यंत पोहोचावा, वाटेत भिजू नये, म्हणून रब्बान गमलिएल यांनी हे अंतर ठेवले. ते यात्रेकरू आता नाहीत. पंधरा दिवस अजून थांबतात.