बहुवर्ग अध्यापन

एकाच शिक्षकाने एकाच वेळी दोन किंवा अधिक इयत्तांना शिकवण्याची पद्धत. महाराष्ट्रात ती मुख्यतः वाड्या-पाड्यांवरील एकशिक्षकी व द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळांत आढळते. शिक्षण हक्क अधिनियमाच्या (२००९) अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असल्यास दोन शिक्षक मिळतात. त्यामुळे लहान शाळांत ही स्थिती कायमचीच असते आणि तिची तयारी अध्यापक प्रशिक्षणातच व्हायला हवी.

अशा वर्गात शिक्षक मोठ्या मुलांची मदत घेतो; मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याच्या या प्रथेचे मूळ वादग्रस्त आहे. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेतील अशा प्रयोगाचा वृत्तांत अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याने १७९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध केला. याच पद्धतीने चालणारी इंग्रज शिक्षक जोसेफ लँकेस्टरची लंडनमधील बरो रोड येथील शाळा १७९८ ची. श्रेय कोणाचे, यावर दोघांच्या अनुयायांत दीर्घकाळ वाद झाला. बेलला ही कल्पना वाळूत अक्षरे गिरवणाऱ्या मलबारी मुलांवरून सुचली, असे सांगितले जाते. प्येत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने १६२३ च्या सुमारास कर्नाटकातील इक्केरी येथे पंतोजीविना, एकमेकांच्या साहाय्याने वाळूवर अंक गिरवणारी मुले पाहिल्याची नोंद आहे. त्यामुळे प्रथा देशी व तिची काटेकोर मांडणी बेल-लँकेस्टर यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र त्या दोघांपुढील प्रश्न प्रचंड पटाचा होता, इयत्तांच्या सरमिसळीचा नव्हे.

द्विशिक्षकी शाळेत बहुधा पहिली-दुसरी एकाकडे व तिसरी-चौथी दुसऱ्याकडे असते. वेळापत्रकात दोन्ही वर्गांना एकाच तासिकेत गणित ठेवले, तर नवी क्रिया समजावण्यासाठी दोन्हीकडे शिक्षक लागतो आणि एक वर्ग ताटकळतो. म्हणून एका वर्गाचे गणित असताना दुसऱ्याला वाचन, शुद्धलेखन किंवा चित्रकाम देतात. तासिकेच्या आरंभी स्वयंअध्ययन करणाऱ्या गटाला दोन-तीन मिनिटांत काम नेमून द्यायचे, मग दुसऱ्या गटाला पंधरा-वीस मिनिटे थेट शिकवायचे, शेवटी पहिल्याचे काम तपासायचे. तपासणी राहिली की मुले फळ्यावरचे नुसते उतरवून काढतात. गट पाठीला पाठ लावून बसवावेत व प्रत्येकाला स्वतंत्र फळा असावा. परिसर अभ्यासात ‘पाणी’सारखा विषय सामाईक घेऊन कामे इयत्तेनुसार वेगळी देता येतात.

पहिलीची मुले वाचू शकत नसल्याने त्यांना लेखी सूचना निरुपयोगी; मणी, काड्या, चित्रकार्डे लागतात. गटप्रमुखाकडे (गट सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याकडे) उजळणी व साहित्यवाटप एवढेच द्यावे. समजावण्याचे काम दिल्यास तो उत्तरे सांगून मोकळा होतो आणि त्याचा स्वतःचा अभ्यास बुडतो.

आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शिक्षण केंद्राने पाठ्यपुस्तकाऐवजी क्रमांकित कार्डे व ‘शिकण्याची शिडी’ (कार्डांचा पायरी-पायरीने जाणारा क्रम) वापरली. ऊसतोड किंवा वीटभट्टीसाठी स्थलांतर करून परतणाऱ्या मुलांना अशी मांडणी विशेष उपयोगी, कारण मूल सोडलेल्या पायरीवरूनच पुढे जाते. हरवलेली कार्डे वेळच्या वेळी भरून काढली नाहीत, तर मधली पायरी तुटते.