थवा की खडप? हृदयातल्या गाठीच्या निदानाची पार्श्वभूमी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून बाहेर पडलेल्या एका ट्रॉलरच्या केबिनमध्ये मी पहिल्यांदा फिशफाइंडर, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून मासळी शोधणारं यंत्र, नीट पाहिलं. खाली तळाची जाड लाल पट्टी, वर मधेच रंगीत पुंजके. एका पुंजक्यावर बोट ठेवून "मासळी?" म्हणून विचारलं, तर तांडेल हसला. "नाय. खडप तो, तळाचा खडक. दिसतं सारखंच."

वर्षभरात तेच वाक्य वेगळ्या खोलीत ऐकलं. टूडी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, अंधारी खोली, छातीवर गार जेल, डाव्या कुशीवर वळून पडलेली मावशी. पडद्यावर हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात, म्हणजे डाव्या अलिंदात, एक धूसर ठिपका. रिपोर्टवर दोन शब्द आले, 'क्लॉट' म्हणजे रक्ताची गुठळी आणि 'मिक्सोमा' म्हणजे हृदयातच वाढणारी, कॅन्सर नसलेली गाठ, आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह. चहाच्या टपरीवर आम्ही त्या प्रश्नचिन्हाकडेच बघत बसलो होतो.

बोटीवरचं यंत्र आणि इको यांचं नातं निव्वळ उपमेचं नाही. स्वीडनमधल्या लुंड इथले डॉक्टर इंगे एडलर यांना झडपेचा आजार शस्त्रक्रियेआधी पारखायचा होता. भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्‌झ यांना ठाऊक होतं की जहाजबांधणीत धातूतल्या भेगा ध्वनिलहरींनी शोधतात. त्यांनी माल्मोच्या कोकुम्स गोदीतलं यंत्र चक्क उसनं आणून स्वतःच्या छातीला लावून पाहिलं. मग सीमेन्सचं यंत्र मिळालं आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद झाली. सीमेन्सपर्यंत ओळख होती ती वडिलांमुळे. वडील गुस्ताव हर्ट्‌झ नोबेल विजेते आणि त्या कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेचे माजी प्रमुख. वशिला फक्त आपल्याकडेच चालतो असं कुणी समजू नये.

त्याआधी काय होतं? फार थोडं. हृदयातली गाठ बहुधा शवविच्छेदनातच सापडायची. १९३४ साली एका जिवंत रुग्णात हृदयाच्या सार्कोमाचं, म्हणजे कॅन्सरच्या गाठीचं, निदान झालं, तेही ईसीजी आणि बाहेरच्या लसिकाग्रंथीचा तुकडा तपासून. १९५२ मध्ये अँजिओकार्डिओग्राफीने, म्हणजे रक्तात रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेवर, डाव्या अलिंदातला मिक्सोमा दिसला. पण दिसून उपयोग काय, हृदय उघडणार कसं? शस्त्रक्रियेपुरतं हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन १९५३ मध्ये यशस्वी झालं आणि १९५४ मध्ये स्टॉकहोमला क्लेरेन्स क्राफूर्ड यांनी मिक्सोमा सुखरूप काढला. गाठ काढता येते म्हटल्यावर ती वेळेत शोधण्याला अर्थ आला. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच, यंत्रं त्यामागून धावत आली.

१९५९ मध्ये जर्मनीत एफर्ट आणि डोमानिग यांनी ध्वनिलहरींनी मिक्सोमा ओळखला. तेव्हाच्या इकोत चित्र नव्हतंच. एकच रेघ हृदयात शिरायची आणि कागदावर लाटा उमटायच्या. डाव्या अलिंदाच्या खालच्या तोंडाशी असलेल्या मायट्रल झडपेच्या लाटेमागे दाट ढग दिसला की गाठीचा संशय. आपण आज ज्याला टूडी म्हणतो ते हलतं चित्र रुळलं १९७० च्या दशकात.

मिक्सोमा मोठा सोंगाड्या. शंभरातले सुमारे ७५ डाव्या अलिंदातच असतात, मधल्या पडद्याला देठाने लटकलेले. ठोक्यागणिक गाठ झडपेत येऊन अडते. धाप लागते, चक्कर येते, स्टेथोस्कोपमध्ये झडप अरुंद झाल्यासारखाच आवाज. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने अरुंद झालेल्या मायट्रल झडपा नेहमीच्या, म्हणून फसगत सोपी. आणि अशा झडपेमागे रक्त साचून गुठळी होते तीही त्याच कप्प्यात! मुळात हृदयात काही दिसलं तर ती बहुतेक वेळा गुठळीच असते. हृदयातच जन्मलेली गाठ फार दुर्मीळ. दुसरीकडच्या कॅन्सरची तिथे पोचलेली गाठ तिच्या निदान २० पट आढळते.

कधी कधी तर काहीच नसतं. डाव्या अलिंदात एक नैसर्गिक वरंबा असतो. पूर्वी तो गुठळी समजून लोकांना कूमाडिन हे रक्त पातळ करणारं औषध दिलं जायचं, म्हणून त्याचं नावच कूमाडिन रिज पडलं.

छातीवरून बघताना बरगड्या आणि फुप्फुसं आड येतात. अन्ननलिका मात्र डाव्या अलिंदाला पाठीमागून खेटून जाते. १९८० च्या दशकात घशातून नळी घालून करायचा इको, टीईई, रुळला आणि अलिंदाचा कानासारखा कोपरा, गुठळीची आवडती जागा, स्वच्छ दिसू लागला. सीटीने गाठीतला चुना आणि शेजारची फुप्फुसं दाखवली. पण 'हे आहे कशाचं' या प्रश्नावर सगळ्यात जास्त बोलली ती एमआरआय. गुठळीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे चित्र उजळवणाऱ्या गॅडोलिनियमचं इंजेक्शन दिलं तरी ती काळीच राहते. मिक्सोमा ठिकठिकाणी उजळतो. चरबीची गाठ, चरबी दडपणारं चित्र घेतलं की विझते. तांडेलाच्या पडद्याला हे अजून जमत नाही.

कोकणी माणसासाठी या यंत्रांचा इतिहास म्हणजे प्रवासाचाही. आमच्या आजोबांच्या पिढीला 'हार्टचं' म्हटलं की परळ, लालबागच्या चाळीत कुणा चाकरमान्याकडे मुक्काम आणि केईएमची रांग. टूडी इको आता जवळ आला, पुढच्या तपासण्यांना सिंधुदुर्गातले बरेच जण गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठतात. आम्ही आंबा घाट चढून कोल्हापूरला गेलो. एमआरआयची वेळच आली नाही. टीईईत अलिंदाच्या कोपऱ्यातली गुठळी आणि अरुंद झडप दोन्ही दिसली.

प्रश्नचिन्ह गेलं, रक्त पातळ करणारी गोळी आली. मावशी दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासते, आणि पालेभाजी जास्त झाली की गोळीचा असर कमी होतो म्हणून अळूचं फदफदं पानात पडलं की "एकच डाव" म्हणते, दुसरा घेत नाही.