योगाचा क्लास वेगळा, स्मृतिभ्रंशाचा हालचाल-वर्ग वेगळा

मोबाइलवरचा योगाचा क्लास आता आर्वी-दिग्रसच्या पुढच्या खेड्यांतही ठाऊक आहे. समोरचा शिक्षक आसन दाखवतो, आपण करतो, चुकलं की तो सांगतो. याच क्लाससमोर विसर पडणाऱ्या आबाजींना बसवायचं, सून स्वयंपाकाला लागणार, आणि वर "आमच्याकडे डिमेंशियाचा ऑनलाइन क्लास चालू आहे" म्हणून सांगायचं, हे फार ऐकू येतं. पण डिमेंशिया म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी जो ऑनलाइन हालचाल-वर्ग असतो, तो हा नव्हे.

खुर्चीवर बसणं, सावकाश हलणं हे फरक किरकोळ. तसे योगवर्गही असतात. खरा फरक शेजारच्या खुर्चीत आहे. हालचाल-वर्गात सांभाळणारी व्यक्ती स्वतः वर्गात असते, पूर्ण वेळ, आपले खांदे-पाय हलवत. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी तयार झालेल्या 'प्लिए' या व्यायाम-पद्धतीतही जोडीने करायचे वर्ग आहेत.

या आजारात "उजवा हात वर, मग डावीकडे वळा" अशा सूचना लक्षात धरणं जड जातं. हातांच्या जुन्या सवयी मात्र पुष्कळ काळ टिकतात. नातवाचं नाव न आठवणारी आजीही हाती सूप आलं की तांदूळ पाखडू लागते. शेजारी बसून सुनेने पाखडल्यासारखे हात हलवले, तर आजीचे हात बघून-बघून सुरू होऊ शकतात. म्हणूनच त्याच हालचाली, त्याच क्रमाने, पुन्हा पुन्हा घेतात.

"असं नाही जी, उजवा!" म्हणत मनगट धरून हात वर ओढणं मला अजिबात पटत नाही. माणूस अंग आखडून घेतो, चिडतो, उठून जातो. डावा हलला तर डावा. आपण आपलं करत राहावं.

आणि हा वर्ग सुनेचाही आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे, खेड्यांत प्रमाण शहरांपेक्षा जास्त. तरी गावात "बुढा येडा झाला" या बोलण्याच्या धाकाने ती गप्प असते. गटात तिच्यासारखीच रात्रीची जागरणं काढणारी दुसरी कोणी भेटते. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओत हे कुठून मिळणार?

खुर्ची लाकडी घ्या, भिंतीला टेकवा, प्लास्टिकची सरकते. स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसणं बंद करा, काहींना तो परका माणूस वाटतो. वेळ सकाळची बरी, संध्याकाळी अनेकांची घालमेल वाढते. तोल जात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मध्येच नेट गेलं तर उठू नका, दोघांनी तेच हात हलवत राहा.