पार्श्वभूमी : गिंझातल्या दहा खुर्च्या आणि तीन तारे

नोव्हेंबर २०१९ मध्ये टोकियोच्या खाद्यगृहांना तारे देणारी मिशेलिनची नवी मार्गदर्शिका निघाली आणि तिच्यात 'सुकियाबाशी जिरो' हे नावच नव्हतं. सलग बारा आवृत्त्यांत तीन तारे, म्हणजे सर्वोच्च मान, मिळवलेलं हे सुशीचं दुकान. 'तारे गेले', 'तारे काढून घेतले' असे मथळे जगभर झळकले आणि तोच समज आजही कायम आहे. तो चुकीचा आहे. तिथली चव घसरली असं मार्गदर्शिकेने कधीच म्हटलं नव्हतं.

हाताने वळलेली सुशी, म्हणजे भाताच्या लहान मुटक्यावर माशाचा काप, ही मुळात ठेल्यावरची चीज. १८२० च्या दशकात एडोत, म्हणजे जुन्या टोकियोत, ती रुजली. माणसं उभ्या उभ्या दोन-चार नग खाऊन कामाला जात. ओळखपाळख लागत नसे. १९२३ च्या भूकंपानंतर शहरातले कारागीर गावोगाव पांगले आणि ही एडोची पद्धत देशभर गेली. युद्धानंतर धान्याचा तुटवडा इतका होता की १९४७ मध्ये सरकारने खाद्यगृहांवर बंदी घातली. सुशीवाल्यांनी त्यातून वाट काढली : गिऱ्हाइकाने आपले तांदूळ आणायचे आणि दुकानदाराने, गिरणीवाला दळणाचे घेतो तशी, फक्त वळण्याची मजुरी घ्यायची. एक 'गो', म्हणजे साधारण दीडशे ग्रॅम तांदळाला दहा नग. 'एका माणसाचं ताट' म्हणजे किती, हे माप तिथून पक्कं झालं. पुढे स्वच्छतेच्या नियमांनी रस्त्यावरचे ठेले उठले आणि सुशी चार भिंतींच्या आत आली.

'सुकियाबाशी जिरो' १९६५ चं. सुकियाबाशी हा पूल. महामार्गासाठी तो १९५८ मध्ये पाडला, भागाला नाव तेवढं राहिलं. जिरो हे मालकांचं नाव. त्यांचा जन्म १९२५ चा, म्हणजे चाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हे दुकान थाटलं. टोकियोच्या गिंझा भागातल्या एका कचेऱ्यांच्या इमारतीचं तळघर, शेजारी भुयारी रेल्वेचं स्थानक, कट्ट्यापुढे दहा खुर्च्या. स्वच्छतागृहसुद्धा दुकानाबाहेर. मेनूकार्ड नाही, त्या दिवशी बाजारातून जे उत्तम मिळालं ते कारागीर ठरवेल त्या क्रमाने. भात अंगाच्या उबेइतका कोमट हवा, म्हणून तो वेळेच्या हिशेबाने शिजतो. ऑक्टोपस मऊ व्हावा म्हणून शिकाऊ पोरं तो चाळीस-पन्नास मिनिटं हातांनी चोळतात. सोया सॉस कारागीर स्वतः ब्रशने लावतो आणि नग काळ्या लाखेच्या पाटावर ठेवतो. तो तिथल्या तिथे तोंडात टाकायचा. वीसेक नगांचं जेवण अर्ध्या तासात उरकतं.

२००७ च्या शेवटी टोकियोची पहिली मार्गदर्शिका निघाली. दीडशे ठिकाणांना तारे मिळाले, तीन तारे फक्त आठांना. त्यांत सुशीची दुकानं दोन : एक हे, दुसरं इथेच तयार झालेल्या शिष्याचं. पाच परीक्षकांपैकी तिघे युरोपीय होते. त्यांना आमचं जेवण काय कळणार, असा सूर तेव्हा जपानमध्ये उमटला होता. पण तारे लागले ते लागले. २०११ मध्ये या दुकानावर माहितीपट आला आणि एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जपानच्या पंतप्रधानांबरोबर याच कट्ट्यावर जेवून गेले. खुर्च्या दहाच राहिल्या.

इथून पुढचा गुंता नीट पाहायला हवा. मागणी एवढी वाढली की दुकानाने सर्वसाधारण नोंदणी घेणं बंद केलं. जुनं गिऱ्हाईक, कुणाची तरी ओळख किंवा बड्या हॉटेलच्या मदत-कक्षामार्फत आलेली विनंती, एवढेच मार्ग उरले. परदेशी पाहुणा आयत्या वेळी आला नाही किंवा भाषेची अडचण झाली, तर जबाबदारी घ्यायला मधे कुणीतरी असावं, हा त्यामागचा हिशेब. जपानला ही रीत नवी नाही. क्योटोच्या चहाघरांत 'इचिगेन-सान ओकोतोवारी', म्हणजे ओळखीवाचून आलेल्याला नकार, हा जुना शिरस्ता आहे. तिथे तो तोरा मानला जात नाही : घेऊन येणारा पाहुण्याची हमी घेतो, त्याच्या बिलाचीसुद्धा.

मार्गदर्शिकेचा नियम मात्र वेगळा. कुणालाही जाऊन जेवता येईल अशाच ठिकाणांची शिफारस करायची. म्हणून २०१९ मध्ये तिने सांगितलं की हे दुकान सर्वसामान्यांची नोंदणी घेत नाही, त्यामुळे ते आमच्या कक्षेत बसत नाही. तारे गमावले असं म्हणणं बरोबर नाही. त्याच वर्षी तीन ताऱ्यांचं सुशीचं आणखी एक दुकान याच कारणाने वगळलं गेलं.

नियम म्हणून हे चोख आहे. वाचकाला ज्या दारातून आत जाताच येणार नाही, ते दार दाखवून उपयोग काय? पण ते दार बंद होण्यात त्याच ताऱ्यांचा मोठा हात होता, हे त्या वेळच्या बातम्यांत जवळजवळ कुठेच आलं नाही, आणि ते यायला हवं होतं. दहा खुर्च्यांच्या तळघरावर साऱ्या जगाची रांग लागली, तर दुकानदार खुर्च्या वाढवेल किंवा माणसं निवडेल. खुर्च्या वाढवल्या तर भाताची ऊब आणि हाताचा वेग सांभाळता येत नाही. त्यांनी माणसं निवडली. नव्वदी ओलांडलेल्या कारागिराचा आणि शेजारी उभं राहून त्याच्याइतकंच काम उपसणाऱ्या थोरल्या मुलाचा हा निर्णय मला तरी समजण्यासारखा वाटतो.

धाकट्या मुलाची शाखा टोकियोच्याच रोप्पोंगी भागात आहे. तोही वडिलांच्याच हाताखाली शिकला. तिथे नोंदणी सर्वांसाठी खुली होती, आणि त्याच २०१९ च्या यादीत त्या शाखेचे दोन्ही तारे कायम राहिले.