मालिश आणि त्वचेच्या कर्करोगाची पूर्वलक्षणे

अंगाला नेहमी तेल लावणाऱ्याच्या नजरेस कातडीवरचा संशयास्पद बदल लवकर पडू शकतो, या अनुभवावर आधारलेली दक्षता. पाठ, मानेचा मागचा भाग, तळपाय या जागा ज्याच्या त्याला दिसत नाहीत. मालिशवाल्याच्या हाताखालून त्या दर खेपेला जातात. पुण्यात पेठांमधल्या तालमी, पंचकर्म केंद्रे, स्पा आणि बाळंतिणीला न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाया अशा अनेकांकडे हे काम असते. रोगनिदान यांपैकी कोणाचेच काम नव्हे.

धोक्याचा तीळ ओळखण्याचे चार निकष न्यूयॉर्कच्या त्वचातज्ज्ञांनी १९८५ मध्ये मांडले : दोन अर्धे विजोड, कडा वेड्यावाकड्या, रंग एकाहून अधिक, व्यास ६ मिमी.हून मोठा. २००४ मध्ये ‘बदलत जाणे’ हा पाचवा निकष आला. मालिशवाल्याला खरा उपयोग याचाच, कारण तेच अंग तो पुन्हा पुन्हा पाहतो.

हे निकष मुख्यतः गोऱ्या कातडीवर बेतलेले आहेत. भारतात मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा तिळासारखा दिसणारा कर्करोग, विरळा. झालाच तर बहुधा तळपाय, तळहात किंवा नखाखाली. या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नाही, त्यामुळे पुण्यातल्या दुचाकीस्वार बायकांचा प्रसिद्ध स्कार्फही इथे कामाचा नाही. तळव्यावरचा काळा डाग कुरूप म्हणून आणि नखातली काळी रेघ मुका मार म्हणून सोडून दिली जाते. मुक्या माराचे रक्त नखाबरोबर पुढे सरकते. पायाच्या अंगठ्याचे नख पुरते बदलायला वर्ष-दीड वर्ष लागते. रेघ जागची हलत नसेल, रुंदावत असेल किंवा काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला असेल, तर डॉक्टर गाठावा. गायक बॉब मार्ली १९८१ मध्ये वारले, ते पायाच्या अंगठ्याच्या नखाखालून सुरू झालेल्या मेलॅनोमाने.

दुसरी जागा कमर. धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद मुंबईचे विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये केली. पुढे साडी आणि परकराच्या नाडीखालचे रुग्णही आढळले. नाडीच्या वळावर कातडी काळवंडणे नेहमीचेच. तिथे जाड खपली धरली किंवा न भरणारी जखम झाली, तर ते नेहमीचे नव्हे. भाजल्याच्या जुन्या व्रणांचेही तसेच.

दृष्टिहीन मालिशकाराला रंग कळत नाही, पण खरखर, उंचवटा, कडक काठ बोटांना लागतो. सुरुवातीचा सपाट मेलॅनोमा मात्र बोटांना चकवतो.

सांगताना ‘कर्करोग’ हा शब्द टाळावा. “काका, पाठीवरचा हा तीळ कधीपासून आहे? एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घ्या,” एवढे पुरे. परवानगीने त्यांच्याच मोबाइलवर फोटो काढून द्यावा. त्या जागेवर रगडू नये, लेप लावू नये. चामखीळ समजून घोड्याचा केस बांधणे किंवा चुना लावणे सर्वांत वाईट : वरचा भाग झडतो, मूळ आतच राहते आणि पुढे बायॉप्सीसाठी धड तुकडाही मिळत नाही.