गूळ तोच, हमी कोणाची?

माझ्या ओट्यावर सध्या गुळाची दोन पाकिटं आहेत. दोन्हींवर ठळक अक्षरांत ‘सेंद्रिय’. दोन्हींवर ‘जैविक भारत’चं चिन्ह, म्हणजे पानात बरोबरची खूण. खाली मात्र फरक आहे. एकावर ‘इंडिया ऑरगॅनिक’चा गोल शिक्का, दुसऱ्यावर ‘पीजीएस-इंडिया’. मी नाचणीचे आणि शेंगदाण्याचे लाडू करून विकते, त्यामुळे असली पाकिटं मी उलटसुलट करून वाचते. परवा जाऊबाईंनी विचारलं, “यातला जास्त सेंद्रिय कुठला?”

या प्रश्नाला उत्तर नाही. दोन्ही शिक्क्यांमागचे शेतीचे नियम बरेचसे सारखे आहेत. रासायनिक खत नाही, रासायनिक फवारणी नाही, जनुकीय बदल केलेलं बियाणं नाही, आणि रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे येताना दोन-तीन वर्षांचा कन्व्हर्जनचा काळ. फरक आहे तो शब्द कोण देतं यात, आणि तो शब्द किती लांबपर्यंत चालतो यात.

आधी ‘जैविक भारत’ बाजूला काढू. हे चिन्ह एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं. सेंद्रिय अन्नासाठीचे त्यांचे नियम २०१७ चे, आणि १ जुलै २०१८ पासून ते लागू आहेत. ही काही तिसरी तपासणी नव्हे. वरच्या दोनपैकी कुठल्या तरी एका पद्धतीने माल प्रमाणित झालाय, एवढंच ते सांगतं. आणि १४ आकडी एफएसएसएआय परवाना क्रमांक म्हणजे सेंद्रियचा दाखला, असं समजणारे ग्राहक मला दर प्रदर्शनात भेटतात. तो क्रमांक वडापाववाल्याकडेही असतो.

आता ‘इंडिया ऑरगॅनिक’. यामागे एनपीओपी हा सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तो २००१ पासून चालू आहे, वाणिज्य मंत्रालयाचा आहे आणि कारभार अपेडाकडे आहे. अपेडा म्हणजे शेतमाल निर्यातीची संस्था. यावरूनच हेतू कळतो: समुद्रापलीकडच्या, शेत कधीच न बघणाऱ्या गिऱ्हाइकाला खात्री द्यायची. म्हणून इथे तपासणारा बाहेरचा लागतो, शेतकरीही नाही आणि व्यापारीही नाही. बोलताना सगळे याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेचा निरीक्षक येतो, शेताचा नकाशा, डायरी, बियाण्याच्या आणि निविष्ठांच्या (खतं, औषधं वगैरे) पावत्या बघतो, शंका आली तर नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. एकट्या दोन एकरवाल्याला याचा खर्च झेपत नाही, म्हणून शेतकऱ्यांचा गट करून, गटातच अंतर्गत तपासणीची व्यवस्था लावून एकत्र प्रमाणपत्र घेता येतं. तरीही कागद काही सुटत नाहीत.

आमच्यासारख्या विकत घेणाऱ्यांची फसगत नेमकी या कागदांतच होते. प्रमाणपत्रं दोन असतात. एक ‘स्कोप सर्टिफिकेट’. अमुक शेतकरी किंवा कारखाना, अमुक पिकं किंवा पदार्थ, अमुक तारखेपर्यंत प्रमाणित, असं ते सांगतं. दुसरं ‘ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट’, बोलीत टीसी, आणि ते प्रत्येक विक्रीचं वेगळं निघतं. बँकेच्या पासबुकासारखं समजा. एखाद्या गटाचा २० क्विंटल गूळ अपेडाच्या ट्रेसनेट या ऑनलाइन प्रणालीत जमा आहे. त्यातला १२ क्विंटल एका व्यापाऱ्याला गेला की तेवढ्याची टीसी निघते आणि खात्यात ८ उरतात. ९ क्विंटलची टीसी मग निघणारच नाही. म्हणजे स्कोप सर्टिफिकेट दाखवून बाजारातला कुठलाही गूळ ‘हाच तो’ म्हणून विकता येतो, टीसी दाखवून तसं करणं अवघड.

मला हे ठेच लागूनच कळलं. एका व्यापाऱ्याकडून वर्षभर गूळ घेत होते. प्रमाणपत्र मागितलं की व्हॉट्सॲपवर लगेच पीडीएफ यायची, गोल शिक्का, सही, सगळं छान. एका दुपारी रिकामा वेळ होता म्हणून तारीख वाचली, तर मुदत सात महिन्यांपूर्वीच संपलेली. टीसी मागितल्यावर फोन उचलणं बंद झालं.

पीजीएसची कथा वेगळी आहे. सहभागी हमी पद्धती हे तिचं कागदोपत्री नाव, पण गावात सगळे ‘पीजीएस’च म्हणतात. ही कृषी मंत्रालयाकडची, मुख्य केंद्र गाझियाबादला. २०१५-१६ मध्ये सेंद्रिय गटांना अनुदान देणारी केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना आली आणि तिच्यामुळे आपल्याकडच्या गावोगावच्या गटांपर्यंत ही पद्धत पोचली. इथे बाहेरचा निरीक्षक नाही. किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो, सगळे शपथ घेतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. वरती प्रादेशिक परिषद असते, ती गटाचा निर्णय बघून शिक्कामोर्तब करते. शुल्क जवळपास नाहीच.

ऐकताना वाटतं, शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला पास करायचं, यात कसली हमी? मलाही तसंच वाटायचं. मग भोरकडच्या एका गटाकडून मी नाचणी घ्यायला लागले आणि त्यांची एक फेरी बघितली. चार जण बांधावरून चालत होते. एकाने वरच्या खाचराकडे बोट दाखवलं. ते खाचर गटाबाहेरच्या माणसाचं, तिथे युरिया पडतो, आणि पाऊस झाला की पाणी थेट खाली उतरतं. चर खणला होता, पण मध्येच बुजला होता. तो पुन्हा खणायचं ठरलं, तेव्हाच पुढे सरकले. पडवीत युरियाची रिकामी गोणी दिसली. “बसायला ठेवलीय,” मालक म्हणाला. “मग घोंगडी टाक की,” दुसरा म्हणाला आणि ती गोणी गुंडाळून त्याच्याच हातात दिली. फवारणीचा पंप कोणाकोणाकडे उसना जातो, यावर तर अर्धा तास वाद चालला. उसन्या पंपाच्या तळाला काय उरलंय, हे पावत्यांच्या फायलीत कुठून दिसणार? आणि कृषी सेवा केंद्रातून कोणी काय उचललं, हे गावात लपतच नाही.

दुबळी बाजूही तिथेच आहे. गाव म्हटलं की भाऊबंदकी आली, उधारी आली, सोयरीक आली. ‘त्याचं सांगितलं तर तो माझं सांगेल’ हा हिशेब आला. गट जिवंत असेल तर पीजीएसइतकी बारीक नजर दुसऱ्या कोणाची नाही. गट फक्त अनुदानापुरता जमला असेल तर शिक्का निव्वळ शाईचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पीजीएसचे शिक्केही दोन असतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. ‘पीजीएस-इंडिया ग्रीन’ म्हणजे शेत अजून कन्व्हर्जनमध्ये आहे. ‘पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक’ म्हणजे तो काळ पूर्ण झालाय. ‘ग्रीन’ हा शब्द दिसला की लोक तोच भारी समजतात. दुकानदारही समजतात.

आता गुळाकडे परत येते, कारण खरी मेख गुळातच आहे. नाचणी शेतकऱ्याच्या घरून पोत्यात भरून थेट माझ्याकडे येते. गूळ असा येत नाही. ऊस एकाचा, गुऱ्हाळ दुसऱ्याचं, पाकीट भरणारा तिसरा. पीजीएसच्या मूळ नियमावलीत हमी शेतापुरती आहे, फार तर गटातल्या शेतकऱ्यांनी आपल्याच मालावर केलेल्या प्रक्रियेपुरती. गटाबाहेरच्या कोणी साठवण, वाहतूक, प्रक्रिया केली की ती हमी तिथे थांबते. गटाचंच गुऱ्हाळ असेल तर प्रश्न नाही. भाड्याच्या गुऱ्हाळावर मात्र सकाळी त्याच काहिलीत साधा ऊस उकळलेला असतो. पिवळाधमक रंग यावा म्हणून हायड्रॉस ही रासायनिक पावडर पडलेली असते. सेंद्रिय गुळाची मळी भेंडीच्या चिकानेच काढायची, तर गुळव्या कटकट करतो, कारण गुळाची ढेप काळपट निघते आणि भाव पडतो. थर्ड पार्टीत प्रक्रियेची जागाही तपासली जाते: काहील कधी धुतली, सेंद्रिय माल वेगळा कुठे ठेवला, किती ऊस आत गेला आणि किती गूळ बाहेर आला. माल जितके हात बदलणार, तितका हा कागदी कटकटीचा रस्ता कामाला येतो. परदेशी पाठवायचं असेल तर पीजीएस चालतच नाही.

म्हणून बाहेरचा निरीक्षक आला की सगळं चोख, असंही नाही. भारतीय तिळात इथिलीन ऑक्साईड, म्हणजे युरोपात अन्नात न चालणारं जंतुनाशक रसायन, सापडण्याचं प्रकरण गाजलं, आणि २०२१ च्या अखेरीस युरोपीय संघाने इथल्या ५ प्रमाणन संस्थांची मान्यता काढून घेतली. त्या सगळ्या थर्ड पार्टीच होत्या. आणि दोन्ही शिक्के पद्धतीची हमी देतात, पाकिटातल्या प्रत्येक कणाची नाही. उलट ‘रेसिड्यू फ्री’ लिहिलेल्या नाशिकच्या द्राक्षांवर फवारणी झालेली असू शकते. अवशेष मर्यादेच्या आत आहेत, एवढाच तिथला दावा असतो. ती तिसरीच गोष्ट.

राहता राहिले माझे लाडू. गूळ प्रमाणित, नाचणी प्रमाणित, म्हणून लाडू सेंद्रिय, असं मी पहिल्या वर्षी खुशाल छापलं होतं. ते चूक होतं. एनपीओपीत पाणी आणि मीठ वगळून किमान ९५ टक्के घटक प्रमाणित असतील तरच पदार्थाला सेंद्रिय म्हणता येतं. ७० ते ९५ च्या मध्ये असाल तर फक्त ‘सेंद्रिय घटक वापरून केलेले’ असं, प्रमाण सांगून. आणि शिक्का हवा तर माझ्या स्वयंपाकघराचीच तपासणी हवी, नुसत्या कच्च्या मालाची पुरत नाही. वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाला थेट ग्राहकाला विकताना प्रमाणपत्रातून सूट आहे, पण जैविक भारतचं चिन्ह त्यालाही लावता येत नाही. शिवाय ती सूट पिकवणाऱ्यासाठी आहे. मी पिकवत नाही, वळते.

तेव्हा माझ्या डब्यावर आता नुसतं ‘गूळ, नाचणी, शेंगदाणे, तूप, वेलची’ लिहिलंय. गूळ थर्ड पार्टीचा घेते आणि टीसी मागते. नाचणी भोरच्या गटाकडूनच. पीजीएसच्या फेरीला ग्राहकांनाही जाता येतं, म्हणून गटप्रमुखांना यंदाची तारीख विचारली. “श्रावणात या,” म्हणाले, “पण ती शहरातली चप्पल नको. गेल्या खेपेला तुमची चिखलातून काढायलाच दोघं लागले होते.”