मॅन्डोलिनची पिक हरवली की हात का अडतो?

माझी पिक, म्हणजे चिमटीत धरून तारा छेडायचा प्लास्टिकचा चपटा तुकडा, हरवली. १.४ मिलिमीटर जाडीची, गोलसर त्रिकोणी, गडद तपकिरी रंगाची, आणि तीन कोपऱ्यांपैकी एकच कोपरा झिजलेला, कारण सहा वर्षं मी तोच कोपरा तारेला लावत आलो. वाजवता वाजवता फोन घ्यायला उठलो, पिक कुठेतरी ठेवली, दहा मिनिटांनी परत आलो तर गायब. मॅन्डोलिनची पेटी उपसली, खिसे उलटे केले, खुर्ची हलवली, काही नाही. शेवटी त्याच कंपनीची, त्याच मापाची कोरी पिक काढली आणि वाजवायला बसलो तर ट्रेमोलो, म्हणजे एकच सूर भराभर खाली-वर छेडून लांबवणं, मधेच तुटायला लागला, सगळ्यात बारीक तारांवर टकटक ऐकू यायला लागली आणि थोड्या वेळात मनगट भरून आलं.

ज्याला सांगितलं तो म्हणाला अरे मनाचे खेळ आहेत, प्लास्टिकचा तुकडा तो, सगळे सारखेच. मला ते पटलं नाही, म्हणून या विषयावर जे जे सापडलं ते वाचत गेलो आणि घरी काही गोष्टी करून पण बघितल्या. मनाचे खेळ थोडे आहेतच, पण त्याहून बरंच काही आहे.

आधी तारेचं बघू. पिक तारेला बाजूला ओढते, तार त्या जागी कोन करून ताणली जाते आणि पिकच्या टोकावरून घसरून सुटते. सूर जन्माला येतो तो या सुटण्याच्या क्षणात. तार सुटली की ती एकाच वेळी अनेक प्रकारे थरथरते, पूर्ण लांबीने, अर्ध्या भागात, एक तृतीयांश भागात वगैरे, आणि यांनाच हार्मोनिक म्हणतात. कुठला हार्मोनिक किती जोरात वाजेल हे बरंचसं तुम्ही तार कुठे छेडता त्यावर ठरतं. ब्रिजपासून, म्हणजे तारा खालच्या टोकाला ज्या पट्टीवर टेकतात तिथून, लांबीच्या बरोबर सातव्या भागावर छेडली तर सातवा हार्मोनिक जवळजवळ उमटतच नाही, कारण त्या कंपनात ती जागा मुळात स्थिर असते. पण जागेइतकंच महत्त्वाचं आहे तार किती झटक्यात सुटते ते. ५००० हर्ट्झच्या कंपनाचं एक आवर्तन ०.२ मिलिसेकंदात पूर्ण होतं. आता तार जर पिकच्या गोल गुळगुळीत कडेवरून हळूहळू घरंगळत सुटली आणि त्या सुटण्यालाच तेवढा वेळ लागला, तर त्या उंचीचे आणि त्यावरचे हार्मोनिक कमजोर पडतात आणि सूर मऊ येतो. टोक धारदार असेल तर तार टक्कन सुटते, वरचे हार्मोनिक भरपूर येतात आणि सूर चकचकीत, कधीकधी टोचणारा. कोऱ्या पिकने माझ्या बारीक तारांवर टकटक यायला लागली त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. कारखान्यातून आलेली कड आणि सहा वर्षं तारांनी घासून गोल केलेली कड या दोन वेगळ्या कडा आहेत, मग पाकिटावर माप काहीही लिहिलेलं असू दे.

झिजलेला कोपरा भिंगाखाली कधी बघितला नसेल तर जरूर बघा. मॅन्डोलिनच्या आठ तारा म्हणजे चार जोड्या, जी, डी, ए आणि ई. यातल्या जाड जी आणि डीच्या तारांवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली असते, तो पृष्ठभाग कानशीसारखा, त्याने पिकच्या कडेवर बारीक बारीक खाचा पडतात. ए आणि ईच्या तारा बहुतेक साध्या पोलादाच्या, गुळगुळीत. आणि कोणीच पिक तारेला अगदी समांतर धरत नाही, जरा तिरकीच धरतो, त्यामुळे खाली जाताना एका बाजूची कड घासते आणि वर येताना उलट बाजूची. म्हणून माझ्या पिकला दोन उतार पडले होते, एक पुढून एक मागून, आणि ते माझ्या हाताच्या तिरकेपणाचे होते, दुसऱ्या कोणाच्या नाही. तीच पिक चुकून उलटी धरली की लगेच कळायचं, तार अडकल्यासारखी वाटायची.

एवढं झिजायला किती वेळा तार छेडावी लागते याचा एक ढोबळ हिशोब केला. सरासरी सेकंदाला ५ आघात, रोज अर्धा तास, म्हणजे दिवसाला ९००० आघात. वर्षात ३०० दिवस वाजवलं तर २७ लाख. सहा वर्षांचे दीड कोटीच्या वर जातात. झीज कशी होते याचा एक साधा नियम इंजिनिअरिंगमध्ये १९५३ पासून वापरतात, आर्चर्डचा नियम, की दाब जितका जास्त आणि घासण्याचं एकूण अंतर जितकं जास्त तितका माल जास्त निघतो, आणि पदार्थ जितका कठीण तितका कमी. एका आघातात काय निघत असेल ते कल्पनेतही येत नाही, पण कोटीच्या घरात गेलं की डोळ्याला दिसणारा उतार तयार होतो.

आता जाडीची गोष्ट. मॅन्डोलिनच्या तारा आखूड, ब्रिजपासून नटपर्यंत (म्हणजे वरच्या टोकाच्या पट्टीपर्यंत) साधारण ३५ सेंटिमीटर, आणि प्रत्येक तारेवर साधारण १० किलो वजनाइतका ताण, वर त्या जोडीने असतात. पातळ पिक लावली तर तार हलायच्या आधी पिकच वाकते, म्हणून मॅन्डोलिनवाले बऱ्याचदा जाड, ताठ पिक पसंत करतात. आणि ताठपणाचा हिशोब घनाचा आहे, म्हणजे आकार आणि पदार्थ तोच ठेवून जाडी दुप्पट केली की ताठपणा दुप्पट न होता आठपट होतो. ०.७ आणि १.४ मिलिमीटरच्या पिकमध्ये आठपटीचा फरक. अगदी १.४ ऐवजी १.५ घेतली तरी ताठपणा जवळजवळ २३ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे एकाच जातीच्या दोन पिकमध्ये केसाएवढा फरक पडला आणि तो हाताला जाणवला तर त्यात नवल काहीच नाही.

इथवर सगळं पिक आणि तारेचं झालं. मला स्वतःला जास्त गुंतवून ठेवलं ते हाताच्या भागाने.

आपल्या एका तळहातात, बोटं धरून, स्पर्श टिपणारी सुमारे १७,००० मज्जातंतूंची टोकं आहेत, आणि बोटांच्या पेरांवर ती दाट आहेत. त्यातली पॅसिनियन नावाची एक जात फक्त थरथरच टिपते आणि सगळ्यात जास्त संवेदनशील असते साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास. मॅन्डोलिनची जीची तार १९६ हर्ट्झची, डीची २९४ हर्ट्झची. म्हणजे खालच्या दोन जोड्यांचे मूळ सूर नेमके त्या पट्ट्यात पडतात जिथे बोट सगळ्यात तीक्ष्ण असतं! हे वाचल्यावर मी मॅन्डोलिन घेतली, जीची तार छेडली आणि पिकचं टोक तारेला अगदी हलकं टेकवून ठेवलं. अंगठ्यात गुदगुल्या झाल्यासारखं झालं. ईच्या तारेवर तेच केलं तर जवळजवळ काहीच कळलं नाही.

२०१८ मध्ये ल्यूक मिलर आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये एक प्रयोग छापला. लोकांच्या हातात काठी दिली आणि काठीवर नेमका कुठे धक्का लागला ते न बघता विचारलं. लोकांनी ते आश्चर्य वाटावं इतकं अचूक सांगितलं, जणू काठी त्यांच्या शरीराचाच भाग आहे, कारण काठीवर वेगवेगळ्या जागी आघात झाला की ती वेगवेगळ्या प्रकारे थरथरते आणि मेंदू ती थरथर वाचतो. पिक ही तशीच एक काठी समजा, फक्त दोन-तीन सेंटिमीटरची आणि वजनाने जेमतेम एक ग्रॅम. तार टोकाला किती आत लागली हे बोटांना पिकमधूनच कळतं. पदार्थ बदलला, झीज बदलली की थरथरीची भाषा बदलते आणि हात काही काळ त्या भाषेत अडखळतो.

आणि आता पकड. १९८४ मध्ये योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी दाखवलं की आपण वस्तू चिमटीत धरतो तेव्हा ती निसटू नये म्हणून जेवढा जोर लागतो त्याच्या जरासाच वरचा जोर बोटं आपोआप लावतात, आणि पृष्ठभाग रेशमासारखा निसरडा की सँडपेपरसारखा खरखरीत यावर तो जोर बदलतो. हे सगळं न कळत चालतं. वस्तू अचानक निसटायला लागली तर पकड घट्ट व्हायला साधारण ७० मिलिसेकंद लागतात. ट्रेमोलोत सेकंदाला १० आघात धरले तर एक आघात १०० मिलिसेकंदांचा, आणि त्यातला पिक तारेला टेकलेली असण्याचा वेळ तर अगदीच थोडा. म्हणजे पिक सरकतेय हे कळून पकड आवळेपर्यंत तो आघात होऊन गेलेला असतो. अशा वेगात हात प्रतिक्रिया देऊच शकत नाही, त्याला आधीच अंदाज बांधून ठेवावा लागतो की ही पिक एवढी वाकेल, तार एवढी अडेल, अंगठ्याखाली एवढं घर्षण मिळेल. माझ्या जुन्या पिकवर अंगठा बसायचा तिथली चकाकी कधीच गेली होती, मॅट झाली होती ती जागा. कोरी पिक तिथे गुळगुळीत. अंदाज चुकला, बोटांनी खबरदारी म्हणून जास्त दाबून धरलं, दाबून धरलं की मनगट कडक होतं, आणि कडक मनगटाने ट्रेमोलो सारखा पडत नाही. तो पहिल्या दिवशीचा भरून आलेला हात असा आला.

मग मनाचा भाग किती? व्हायोलिनवर क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांचा २०१२ चा प्रयोग आहे, २१ वादकांना डोळ्यांवर काळे गॉगल लावून जुनी स्ट्रॅडिव्हेरियससारखी आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली, तर जुनं कुठलं नवं कुठलं हे बहुतेकांना ओळखता आलं नाही आणि पसंती जास्त करून नव्यांकडे गेली. त्यावरून मी घरी एक छोटी चाचणी केली. माझ्याकडे जुन्या पिकने वाजवलेलं रेकॉर्डिंग होतं, तीच धून कोऱ्या पिकने नीट बसल्यावर पुन्हा रेकॉर्ड केली आणि मित्राला उलटसुलट क्रमाने लावायला सांगितलं. मला ओळखता आलं नाही, मी नुसते अंदाज मारत होतो. पण मित्राने तीन वेगवेगळ्या पिक माझ्या हातात एकेक करून दिल्या, मी डोळे मिटून, तर प्रत्येक वेळी दोन-तीन आघातांतच सांगता आलं. एका माणसाची चाचणी आहे, त्यावरून जगाबद्दल काही सिद्ध होत नाही. माझ्यापुरतं मात्र स्पष्ट झालं की हरवलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या कानातली नव्हती, माझ्या हातातली होती.

आणि हात परत शिकतो, ही यातली फार चांगली बातमी. १९९४ मध्ये शॅडमेहर आणि मुसा-इवाल्डी यांनी लोकांना एक रोबोटिक दांडा धरून हात सरळ न्यायला सांगितलं आणि दांड्याने त्यांना बाजूला ढकललं. सुरुवातीला रेषा वाकड्या, काहीशे हालचालींनंतर परत सरळ. मग ढकलणं बंद केलं तर हात उलट बाजूला वाकडा गेला! म्हणजे मेंदूने त्या जोराचं गणित आत मांडून ठेवलं होतं. मला नव्या पिकवर रुळायला दोनेक आठवडे गेले, आधी नुसता सावकाश ट्रेमोलो, एकाच सुरावर, पकड मुद्दाम सैल ठेवून, आणि मगच धून.

एक विषय सोडवत नाही म्हणून सांगतो. पूर्वी उत्तम पिक म्हणजे हॉक्सबिल कासवाच्या पाठीच्या कवचाची. ते कवच केराटिनचं, म्हणजे आपली नखं ज्याची असतात तेच प्रथिन, आणि त्या पिकचा तारेवरचा सरकता स्पर्श वादकांना फार आवडायचा. त्या कासवांची कंगवे, चष्म्याच्या फ्रेमा, दागिने अशा असंख्य गोष्टींसाठी इतकी कत्तल झाली की आज ती जात नष्ट व्हायच्या काठावर आहे. १९७३ मध्ये साइटीस हा वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापाराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार झाला, १९७५ मध्ये लागू झाला, आणि त्याखाली या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे. त्याआधीच, १९२० च्या दशकात, सेल्युलॉइडच्या पिक बाजारात आल्या होत्या, पुढे नायलॉन, अॅसिटल, दुधाच्या प्रथिनापासून केलेलं केसिन असे पर्याय येत गेले. कुठल्याही सुरासाठी ते कासव मारावं असं मला वाटत नाही.

आता शोधण्याबद्दल, कारण हे आधी माहीत असतं तर कदाचित माझी पिक मिळाली असती. माझी पिक तपकिरी ठिपक्यांची, कवचाची नक्कल करणारी, आणि खाली लाकडी जमीन. १९८० मध्ये अॅन ट्रीझमन आणि जेलेड यांनी मांडलं की एखादी वस्तू रंगासारख्या एकाच ठळक गुणाने वेगळी असेल तर ती आपोआप डोळ्यात भरते, आजूबाजूला कितीही पसारा असो, पण तसा गुण नसेल तर नजर एकेक जागा तपासत जाते. तपकिरीवर तपकिरी म्हणजे दुसरी तऱ्हा. अशा वेळी खोलीतला दिवा बंद करून टॉर्च जमिनीला टेकवून आडवा मारायचा. प्रकाश जमिनीशी ५ अंशांनी आला तर १.४ मिलिमीटर जाडीच्या पिकची सावली १६ मिलिमीटर लांब पडते, आणि पिक दिसली नाही तरी सावली दिसते. मॅन्डोलिन उलटी करून हलवून पण बघा, एफ आकाराच्या भोकातून पिक आत गेलेली असू शकते.

माझ्या खोलीत टॉर्चने एक बटण आणि तारेचा तुकडा सापडला, पिक नाही. आता भडक नारिंगी रंगाची वापरतो, पाठीमागे मार्करने एक बारीक रेघ ओढलीय, कुठली बाजू पुढे ते कळावं म्हणून, आणि सोबत तशाच आणखी दोन आलटून पालटून वाजवतो, म्हणजे तिन्ही बरोबरच झिजतील. काल रात्री खिडकीजवळ धरून बघितलं तर रेघेच्या बाजूचा कोपरा किंचित तिरका चमकत होता, नखाने चाचपल्यावर कळेल न कळेल असा, पण उतार पडायला लागलाय.